बारावी फोड

"दादा, बारावी फोड कोण खातं?"

विचारलं एकदाचं! तारेच्या कुंपणापलीकडे अंबू आणि रुक्मी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून फिदीफिदी हसत होत्या. पैज होती. सगळ्या टीमसमोर, मोठ्यांदा, एका दमात विचारायचं. अडखळले तर महिनाभर दोघींची दप्तरं चिंचवडच्या शाळेपर्यंत माझ्या सायकलला. अडखळते कशाला? या दिवाळीत मी सायकल शिकले, वक्तृत्वात शाळेला ढाल आणून दिली, आणि तेव्हापासून मला वाटायला लागलंय की आपण नुसतं तोंड उघडायचा अवकाश, शब्द आपापले रांगेत येऊन उभे राहतात. तर मी विचारलं. आणि अर्जुनदादा, आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन (कॉलेज पुण्यात आहे आणि दादाचं आहे, पण मी 'आमचं'च म्हणते), तोंडातलं लिंबू तसंच दातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मग ते काढून म्हणाला, "म्हणजे? तू नाही खात?"

मी! मला आंबटानं दात शिवशिवतात हे घरात सगळ्यांना ठाऊक. मी हसले, आणि मला वाटलं आता सगळे हसतील, कोणीतरी चोर पकडला जाईल, त्याच्या पाठीत दोन धपाटे बसतील. पण कोणी हसलं नाही. गोलकीपर चिमाजीकडे बघायला लागला. "मला वाटलं हा खातो." चिमाजी म्हणाला, "मी? मी नवा माणूस, मी कसा दुसरी घेईन? मला वाटलं कॅप्टनची असते." मग एकजण दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे. अकरा घामेजलेली तोंडं, आणि प्रत्येकाला गेले दोन महिने दुसरंच कोणीतरी ती खात असल्याची खात्री. रेफरीनं शिट्टी वाजवली तेव्हा सगळे जरा जास्तच घाईनं मैदानात पळाले. ताट माझ्या पुढ्यात रिकामं होतं. मधोमध तिखटाचं लालसर कडं उमटलेलं.

हिशेब साधा आहे. हाफटाइमला मी सहा लिंबं कापते, म्हणजे फोडी बारा. खेळणारे अकरा. एक उरायला पाहिजे, आणि या अख्ख्या सीझनमध्ये ती एकदाही उरलेली नाही. पाच लिंबांत भागत नाही, साडेपाच लिंबं काही कोणी विकत देत नाही, म्हणून सहा. गेल्या वर्षी याची कोणाला पंचाईत नव्हती, कारण बारावी फोड भिमाजीची. अकरा जणांबरोबर एक आणि वर ही एक. त्या एकीला मिठाबरोबर तिखट लागायचं. "काय म्यानीजर, माझं तिखट कुठं हाय?" असं तो लांबूनच ओरडत यायचा. मला म्यानीजर म्हणणारा जगातला पहिला माणूस तो. आईच्या फोडणीच्या डब्यातलं लाल तिखट मी एका छोट्या डबीत घालून आणायची आणि त्याच्या फोडीवर चांगलं बोटभर दाबायची. तो ती चोखून डोळ्यांतलं पाणी पुसत मैदानात पळायचा. गेल्या माघात तो गेला. त्याच्या जागी चिमाजी आला, नगरचा, बूट घालणारा, शहाणा. आणि तरी दर मॅचला बारावी फोड कापली की माझा हात आपोआप डबीकडे जातो. फोड लाल झाल्यावर माझ्या लक्षात येतं, की अरे, कोणासाठी?

हे मी अंबूला सांगितलं होतं, म्हणून तर पैज लागली. पण भिमाजीबद्दलची दुसरी एक गोष्ट मी अंबूला सांगितलेली नव्हती. दादाला नाही, आईला नाही, कोणालाच नाही. बोलायला घाबरत नाही म्हणून वर्गात माझं नाव आहे, आणि माझ्या आत एक वाक्य आहे ज्याच्यापाशी मी रोज जाते आणि सायकलचा ब्रेक दाबल्यासारखी थांबते. ते वाक्य बोलायचं की नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. बाकी सगळं, मॅच, ढाल, पुढच्या वर्षीची मॅट्रिक, त्याच्या कडेकडेनं चाललेलं असतं.

आमचं मैदान हे खरं मैदान नाही. कॉलेजच्या मैदानावर वसतिगृह बांधायला काढलं, टीमला जागा उरली नाही, तेव्हा दादानं आबांना सांगून ही जागा मिळवली. आबा पिंपरीत नव्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहेत. आम्ही बार्शीहून इकडे आलो ते त्या नोकरीसाठीच. कारखान्यासाठी घेतलेल्या जमिनींपैकी भोसरीच्या बाजूचा एक तुकडा अजून मोकळा पडलाय. तिथे बांबूचे गोल रोवले, मी चुन्याच्या फक्कीच्या रेषा मारल्या, झालं मैदान. पोरं पुण्याहून लोकलनं पिंपरीला उतरतात आणि बूट गळ्यात अडकवून चालत येतात. भिमाजी तेवढा उलट्या बाजूनं यायचा, वाडीकडून, कारण ही जमीन त्यांचीच होती. "हितं आमचा हरभरा असायचा," तो उजव्या कडेला उभा राहून सांगायचा, "आन् त्या कोपऱ्यात आईचा भुईमूग. स्वोताच्या रानात पळतूय, दमायचं कसं?" वाडीतला कॉलेजात गेलेला पहिलाच मुलगा. अनवाणी खेळायचा. दादानं एकदा त्याला जबरदस्तीनं बूट घालायला लावले तर दहा मिनिटांत काढून टाकले. म्हणाला, पाय आंधळं व्हत्यात. उजव्या कडेनं तो सुटला की मागे धुळीची एक सरळ भिंत उभी राहायची, आणि ती खाली बसायच्या आत दुसऱ्या टोकाला गोल झालेला असायचा.

या वर्षीसुद्धा आमचे गोल उजवीकडूनच होतात. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या, 'उजव्या बगलेवरील प्रभावी खेळ' वगैरे. दादानं कापून जपून ठेवल्यात. सगळ्यांना वाटतं चिमाजी म्हणजे दुसरा भिमाजीच. पण तिसऱ्या मॅचनंतर चिमाजी बुटांच्या नाड्या सोडत माझ्याशेजारी बसला होता आणि सहज विचारावं तसं म्हणाला, "शालन, तू रेषेजवळ असतेस. माझ्या उजवीकडे कोण होतं?" मी म्हटलं, तुमच्या उजवीकडे कोण असणार? तुम्हीच शेवटचे. तुमच्या उजवीकडे मी आणि लिंबाचं ताट. तो म्हणाला, "तेच तर. पण बॉल मला डावीकडून नाही आला. दादानं पास टाकला तो माझ्यापासून चार हात लांब, रेषेकडे. मी सोडून दिला होता. तो बाहेर जाईल म्हणून मी उभाच राहिलो. आणि तो माझ्याकडे आला." मग मान खाली घालून नाड्या गुंडाळत बसला. "जमीन उताराची असेल," मी म्हटलं. नंतर एकटी असताना मी तिथे एक लिंबू ठेवून पाहिलं. ते हललं नाही. जमीन फरशी बसवल्यासारखी सपाट आहे. दादाला त्या पासचं विचारलं तर तो म्हणाला, सवय गं, डोकं वर न करता पास जातो तिकडं, दोन वर्षं गेलाय. म्हणजे सगळी टीम अजून भिमाजीलाच पास देते. चिमाजी मधे उभा आहे एवढंच.

मला भीती वाटत नाही, हे मी मुद्दाम लिहिते. हिवाळ्यातल्या साडेचारच्या लख्ख उन्हात कसली भीती? कारखान्याची पाण्याची टाकी बांधताहेत, तिच्याभोवती बांबूंचा सांगाडा आहे, आणि त्याची सावली बरोबर हाफटाइमला येऊन उजव्या कोपऱ्याच्या निशाणाला टेकते. सावलीत बांबूंच्या चौकटी पडतात आणि त्या चौकटींत वारा आला की धूळ उठते, एकाच चौकटीत, शेजारच्या चौकटीत नाही. मी बघत बसते. वर पाहिलं तर गवंडी काम करत असतात, विडी पीत असतात, एक बाई डोक्यावरची पाटी सावरत चढत असते, सगळं रोजचं. खाली पाहिलं की ती एकच चौकट. माझ्या अंगावर काटा येतो तो भीतीचा नाही. कोणीतरी आपलं नाव घ्यायच्या बेतात आहे आणि घेत नाही, तसा तो असतो.

वाक्य असं आहे: माती मी लावली.

गेल्या वर्षीच्या पौषातली मॅच. बांधकामावरचा पत्र्याचा तुकडा गवतात पडला होता, भिमाजी घसरला आणि त्याचा गुडघा उकलला. तो रेषेबाहेर माझ्यापाशी येऊन बसला. "म्यानीजर, कायतरी कर, आन् लवकर कर, दाच जनं खेळत्यात तकडं." कळशीतलं पाणी संपलं होतं. मी लहान असताना पडले की आई चिमूटभर माती जखमेवर दाबायची, रक्त थांबतं. बार्शीला आमच्याकडे सगळ्याच आया असं करायच्या. मी कोपऱ्यातल्या निशाणाजवळची माती घेतली, कारण ती सगळ्यात मऊ होती. काळी, भुसभुशीत, ऊबदार. धनगरांची मेंढरं तीन रात्री तिथे बसून गेली होती. मी मूठभर घेतली आणि दोन्ही अंगठ्यांनी जखमेत दाबली, चांगली आतपर्यंत, आणि माझ्या वेणीची रिबन वरून बांधली. तो ओरडला नाही, उलट हसला. "आमच्याच रानातली हाय, काय करतीया?" उठला, पळाला, आणि त्यानंच जिंकणारा गोल मारला. मला इतका अभिमान वाटला होता! मी घरी सगळ्यांना सांगत सुटले की मी नसते तर आज आपण हरलो असतो.

दहाव्या दिवशी पुढची मॅच. हाफटाइमला तो आला, फोड घेतली, हातात धरून उभा राहिला. "म्यानीजर, आज तोंडच उघडंना. जबडा आखाडलाय." तो हसत होता, म्हणजे मला वाटलं हसतोय. ओठ दोन्ही बाजूंनी मागे ओढलेले, आणि ते हसू बोलताना जाईना, गप्प राहिला तरी जाईना. डोळे मात्र नेहमीचे होते, जरा लाजलेले. तिखट लावलेली फोड त्यानं कोपऱ्याच्या निशाणाशी नीट ठेवली, उताणी, लाल बाजू वर. "ऱ्हाऊ दे," म्हणाला, "जाताना खातो." दुसऱ्या हाफला तो उतरलाच नाही; वाडीकडे चालत गेला. पाचव्या दिवशी गेला. पुण्याला न्यायला बैलगाडी जुंपली होती, ती फाट्यापर्यंतच पोचली. दादा जाऊन आला. घरी आल्यावर जेवला नाही, एवढंच म्हणाला की धनुष्यासारखा वाकला होता. मी तेव्हा रडले, पण जसं सगळे रडतात तसं. मला काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं ते या जूनमध्ये. शाळेत सुमनताई आरोग्यशास्त्राचा धडा वाचत होत्या, बाहेर घंटेवाल्याची मुलगी दोरीवरच्या उड्या मोजत होती, आणि ताई म्हणाल्या, "धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, विशेषतः जनावरांचं खत पडलेल्या मातीत. म्हणून जखमेला माती कदापि लावू नये." शेजारी रुक्मीनं वहीत रेघ मारली. उड्या मोजणाऱ्या पोरीचा आवाज एकतीस, बत्तीस, तेहतीस असा चालूच राहिला. मी माझ्या अंगठ्यांकडे बघत होते. त्या दिवसापासून मी जास्तच बोलायला लागले. लोक म्हणतात, शालनला केवढा आत्मविश्वास आला! आला खरा. तोंड सतत चालू ठेवलं की त्या वाक्याला बाहेर पडायला फट मिळत नाही.

काल शनिवारी सेमीफायनल होती, आमच्याच मैदानावर. पैजेच्या दिवसापासून टीममध्ये कोणी बारावी फोडीचा विषय काढला नव्हता, पण हाफटाइम झाल्यावर प्रत्येकानं एकेक फोड उचलली ती मला दाखवून, जसं काही मी परीक्षा घेतेय. मी मोजलं. अकरा जणांनी अकरा घेतल्या. बारावी ताटात, लाल. मी तिच्यावर तळहात पालथा घातला आणि बसून राहिले. अंबू-रुक्मी कुंपणाशी हसत नव्हत्या. शिट्टी झाली, सगळे मैदानात गेले, खेळ सुरू झाला, तरी माझा हात तसाच. तळहाताला फोडीचा गार ओलेपणा लागत होता. टाकीची सावली निशाणाला टेकली होती. मग दादाचा पास आला, उजवीकडे, फार उजवीकडे, चिमाजीच्या आवाक्याबाहेर, आणि बॉल थेट माझ्याकडे घरंगळत आला. ताटावर आपटणार म्हणून मी दोन्ही हात पुढे केले. पण तो माझ्यापर्यंत आलाच नाही. रेषेवर, फक्कीवर, हातभर अंतरावर तो थांबला, जसा पायाखाली दाबून धरल्यावर थांबतो तसा, आणि परत आत गेला. चिमाजीनं डोळे मिटून मारावा तसा तो मारला. गोल! सगळी पोरं ओरडायला लागली. मी खाली पाहिलं. ताटात लाल कडं. फोड नाही. माझ्याभोवती दहा पावलांवर कोणी नव्हतं.

आणि तेव्हाच मला ती दिसली. गोलामागच्या बाभळीपाशी कोणी म्हातारी वाकून काहीतरी वेचत होती. चोखून झाल्यावर पोरं सालं तिकडेच भिरकावतात. ती सालं ती एकेक उचलून ओच्यात टाकत होती, घाबरीघुबरी, मान सारखी वाडीकडे वळवत. सापडली चोर! मला इतकं हलकं वाटलं की मी मॅच सोडून धावतच सुटले. "आजी, तुम्हीच घेता होय फोड?" ती दचकून खालीच बसली. ओचा दोन्ही हातांनी झाकला. "सालं येचते मी फकस्त," ती म्हणाली. "ताटाला न्हाई गं हात लावत. ताटाकडं यायची माजी काय छाती?" मी म्हटलं, सालांचं काय करता? "पुरते. तिकडं वढ्यात, खोल." आणि मग माझ्या पायांकडे हात नेत, मी मागे सरेपर्यंत, "पोरी, तुमी शिकल्यासवरल्या हाव. लिंबं नका टाकू हितं. येक जरी घावलं तरी मला जित्ती ठेवायची न्हाईत."

तिनं सांगितलं तसं सांगते. तिचं नाव कुशाबाई, भिमाजीची चुलती. विधवा, मूलबाळ नाही. जमीन कारखान्याला गेली तेव्हा वाटणीवरून तिचं आणि भिमाजीच्या आईचं, ठकुबाईचं, भांडण झालं होतं, आणि भर पारावर कुशाबाई बोलून गेली होती की माझा तळतळाट लागंल. भिमाजी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी ठकुबाई त्याच्या रानात येऊन बसली. कोपऱ्याच्या निशाणापाशी तिला कापलेलं लिंबू सापडलं. त्याच्यावर मीठ, त्याच्यावर लाल. उताणं ठेवलेलं, नीट. "कुकू लावल्यालं लिंबू," कुशाबाई म्हणाली. "पोराचं अंग धनुकलीवानी वाकलं, आन् त्याच्याच रानात कुकवाचं लिंबू. मंग करनी माजी न्हाई तर कुनाची? मी शपता घेतल्या. भिमा माज्या मांडीवर वाढला गं. कुनी ऐकंना." वर्ष झालं तिला विहिरीवर पाणी भरू देत नाहीत. ओढ्यातलं पिते. आणि रविवारी, म्हणजे आज, पारावर बैठक आहे. तिला घराबाहेर काढायचं ठरवणार आहेत. गेल्या महिन्यात कोणाची म्हैस आटली, तेव्हा पुन्हा एक साल सापडलं होतं.

मी उभी होते. मागे मैदानावर शिट्टी झाली, आम्ही जिंकलो, माझ्या नावानं हाका यायला लागल्या. कुशाबाईचे पाय मी पाहिले, फक्की लागलेले, छोटे, भेगाळलेले. मला तिला सांगायचं होतं की ते कुंकू नव्हतं, आजी, ते आईच्या फोडणीच्या डब्यातलं तिखट होतं. ते लिंबू माझं. फक्त लिंबाचंच सांगून भागलं असतं. पण लिंबू सुटलं की माती उरते. करणी नव्हती म्हटलं की पोर कशानं गेलं ते सांगावं लागणार, आणि ते जगात मला एकटीला ठाऊक. वक्तृत्वाची ढाल आणणाऱ्या माझ्या तोंडातून शब्द फुटेना. जबडा जड झाला होता. मी खरंच हात लावून पाहिला. उघडत होता. फक्त जीभ भाजत होती, ओठ चुरचुरत होते, तिखट खाल्ल्यासारखे. आणि दातांत तो शिवशिवाट, जो मला फक्त लिंबानं होतो. 'तू नाही खात?' दादा म्हणाला होता. मी ओढ्यावर जाऊन तीनदा चूळ भरली. चव गेली नाही.

घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. दादा अंगणात बुटांना तेल चोळत बसला होता, कारण रविवारी, म्हणजे आज, पुण्याला फायनल. आई भाकरी थापत होती. आबा जेवायला बसले होते. मी दारातच उभी राहून सांगायला लागले. आधी कुशाबाईचं, मग लिंबाचं, आणि बैठकीला मी जाणार तेही. आबा घास खाली ठेवून म्हणाले, "शालन, आपण परगावची माणसं. पोटासाठी आलोय. लोकांच्या भावकीत आपण पडायचं नसतं. वाटल्यास मी पोलीसपाटलाच्या कानावर घालतो." दादा म्हणाला, "उद्या तू नसलीस तर ताट कोण बघणार? फायनल आहे, वेडे!" मग मी मातीचं सांगितलं. आवाज न चढवता, एका दमात, अडखळले नाही. दादाचा हात बुटावर तसाच राहिला. आबांनी आईकडे पाहिलं. आईची भाकरी तव्यावर करपायला लागली, तिला कळलं नाही. ती म्हणाली, "माती दाबायची मीच शिकवलं तुला." मी म्हटलं, हो. "मग माझं नाव सांग. तू पोर आहेस. ठकुबाई तुझ्या अंगावर धावून आली तर? गावानं तुला धरली तर? कुशाबाईऐवजी तू, एवढंच होईल." आबा म्हणाले, "त्यापेक्षा काहीच बोलू नये. गेलेला पोरगा काही परत यायचा नाही."

गेलेला पोरगा. मी दादाकडे पाहिलं, आणि दादानं माझ्याकडे. तो अजून डोकं वर न करता त्याला पास देतो हे आम्हा दोघांनाच ठाऊक. जाताना खातो म्हणाला होता. वर्षभर तो जातच नव्हता, त्याच्या नावावर एका म्हातारीचं पाणी तुटलं होतं आणि त्याला आपल्या रानातून पाय काढता येत नव्हता, हे आबांना मी कसं सांगणार? रात्रभर मी पडून विचार केला नाही; मला झोप लागली, गाढ. सकाळी उठले, न्हाले, तांब्याची परात घासली, टोपलीतली सहा लिंबं मोजून घेतली, सुरी घेतली, मिठाची पुडी घेतली. फोडणीच्या डब्यातलं तिखट डबीत भरताना आई शेजारी येऊन उभी राहिली, आणि डबी अर्धीच भरली होती ती तिनं माझ्या हातून घेऊन काठोकाठ भरून दिली. आबा ओसरीवर पायांत वहाणा घालून बसले होते, यायला निघाल्यासारखे किंवा मला अडवायला निघाल्यासारखे. त्यांनाही ते ठरवता येत नव्हतं. मी सायकलच्या कॅरिअरला परात बांधली.

"आबा, आई, मी पुण्याला फायनलला जात नाही," मी म्हटलं. "मी वाडीत पारावर जातेय. सगळ्यांच्या पुढ्यात सहा लिंबं कापणार, बाराव्या फोडीला तिखट लावणार, आणि ती ठकुबाईंच्या हातात देणार. चाखून बघा म्हणणार. मग त्यांना सांगणार, माती मी लावली."